पावणेचौदा इंचांचा हात

सन दोन हजार अठरा. मला त्रेसष्टावं लागलं होतं. शाळा चवथीपर्यंत झालेली, आणि चवथीनंतर मला उभं करून परीक्षा घ्यायची कोणाची हिंमत झाली नव्हती. ती घेतली अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बंदूकवाल्यानं. हातात खडू देऊन. आणि मी नापास झालो.

त्यांचं नाव लिहीत नाही. सारे त्यांना मिस्त्री म्हणायचे आणि ते स्वतः तर कोणाचंच नाव घेत नसत. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी हात मोजायचे. कोपर वाकवायला लावायचे, कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत शिंप्याचा टेप धरायचे आणि आकडा एका लांबोड्या वहीत लिहायचे. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचं लाकूड, किती लांब पाहिजे ते त्यावरून ठरतं. पण मिस्त्रींच्या इथं तेवढ्यावर भागत नसे. तो आकडाच त्या माणसाचं नाव होऊन जायचा.

"या, सव्वातेरा. नळीला तेल देता का नाही?"

"साडेचौदाच्या मुलीचं लग्न जमलं म्हणे. बरं झालं."

एकदा माझ्यासमोर कोणी बडा अधिकारी आला, मागे दोन शिपाई. मिस्त्रींनी त्याचाही हात मोजला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही तेरा." साहेबाचं तोंड उतरलं. एवढ्या उंच माणसाला तेरा कसं? मिस्त्री म्हणाले, "उंची पायांत आहे तुमची."

मला त्यांनी पहिल्या दिवशी पावणेचौदा केलं, आणि मी आजपर्यंत पावणेचौदाच आहे.

मिस्त्रींचं घराणं भिक्षुकीचं. वडील जुन्या शहरात सत्यनारायण सांगत. मिस्त्री पोरवयात या दुकानात लिहिण्याच्या कामाला लागले, मालकाला मूलबाळ नव्हतं, होता होता दुकान यांच्याकडं आलं. बंदुकांच्या कपाटाची किल्ली ते जानव्याला बांधत. कांदा खात नसत. पन्नास वर्षं बंदुका विकल्या, पण एक चिमणी मारली नाही, असं अभिमानानं सांगत. दुकानात उंदीर झाले तर पिंजरा लावायचे आणि सापडलेला उंदीर स्वतः मोर्णा नदीच्या पुलापलीकडं नेऊन सोडायचे. शेजारचा भांड्यांचा दुकानदार म्हणायचा, "मिस्त्री, तोच उंदीर परत येते. मी शेपटीवून ओळखतो."

"येऊ दे. त्याला पूल माहीत झाला," मिस्त्री म्हणायचे.

आता माझी हकीगत सांगतो, त्याशिवाय हा माणूस समजणार नाही.

आमचं वावर हिवरखेडच्या पुढं, सातपुड्याच्या पायाशी. काळी जमीन, हरभरा असा येतो की पाहत राहावं. तो रानडुकरंही पाहतात. डुक्कर हरभरा नुसता खात नाही, वावर उलथंपालथं करून जातं. मी डबे वाजवून पाहिले, जुनी लुगडी बांधून पाहिली, फटाके फोडले. डुकरांना फटाक्याची सवय झाली. मग परवान्याच्या मागं लागलो. तलाठी, पोलीस ठाणं, वनखातं, कलेक्टर कचेरी, तीन वर्षं चपला झिजवल्या, तेव्हा पिकाच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना हाती आला. त्यावर बंदूक घ्यायची मुदत लिहिलेली असते. तोवर घेतली नाही तर कागद रद्द. माझी मुदत एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नाही असं कचेरीतल्या बाईनं स्पष्ट सांगितलं होतं. हातात उरले होते सोळा दिवस.

पैसा माझ्याजवळ होता तो एका बऱ्या दुभत्या म्हशीच्या किमतीइतका. आणि मनात होती रायफल. शेजारच्या गावातल्या पाटलाकडं रायफल होती. मी न्हाव्याच्या दुकानात दहा माणसांसमोर बोलून बसलो होतो, "आणली तर रायफलच आणतो." बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही. घरची म्हणाली, "अवो, आवाजच कराचा हाये ना? साधी आणा." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मिस्त्रींच्या दुकानात शिरलो तेच म्हणत, "रायफल दाखवा. कितीची हाये?"

"किंमत शेवटी," ते म्हणाले. "आधी हात."

हात झाला. मग त्यांनी कपाट उघडलं आणि तीन हत्यारं बाकावर मांडली. एक रायफल, एक दुनळी आणि एक जुनी एकनळी, दस्त्यावर ओरखडे पडलेली. त्या दिवशी त्यांनी मला दोन तास शिकवलं, आणि चवथीपर्यंतच्या सगळ्या मास्तरांनी मिळून एवढं शिकवलं नव्हतं.

"स्वस्त बंदूक वेगळी आणि कमी पैशातली चांगली बंदूक वेगळी," ते म्हणाले. "पैसा कमी असला की दिसण्यावर घालायचा नाही. लाकूड ओरखडलेलं चालेल, नळी ओरखडलेली चालणार नाही." नळी खोलून त्यांनी उजेडाकडं धरली. "पाहा आत. उजेडाची वळी दिसतात, एकात एक? गोल आहेत?"

"गोल हायेत."

"एखादं वळं चपटं दिसलं तर तिथं नळीला पोचा आहे. तशी बंदूक फुकट मिळाली तरी घ्यायची नाही."

मग दस्ता जिथं बारीक होतो तिथं अंगठा फिरवायला लावला, चीर लागते का पाहायला. बंदूक जोडून कानाशी हलवायला लावली. "खुळखुळली तर सांधा झिजला. बैलगाडीच्या चाकासारखं समजा." नळीत नाक घालून वासही घ्यायला लावला. नीट ठेवलेल्या नळीला तेलाचा वास येतो, हेळसांड केलेलीला गंजाचा. मी म्हटलं, "मिस्त्री, बैल घेताना बी मी एवढं पाहत नाही."

"म्हणून तुमचा बैल लंगडतो," ते म्हणाले. माझा बैल खरंच लंगडत होता. त्यांना कसं कळलं, देव जाणे.

शेवटी डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाचा मणी आपण जिथं पाहतो तिथंच असला तर बंदूक आपली. रायफल लावली, मणी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या खाली गेला. दुनळी जड पडली. एकनळी लावून डोळे उघडले तर मणी बरोबर मिस्त्रींच्या टेपावर. पण मी ती बाकावर परत ठेवली. न्हाव्याचं दुकान आठवत होतं ना.

"मले रायफलच पाह्यजे," मी म्हटलं.

"ठीक. मग वावर काढा." त्यांनी खडू दिला.

ही त्यांची पद्धत. शेतकरी गिऱ्हाईक असलं की दुकानाच्या शहाबादी फरशीवर त्याला आपलं वावर काढावं लागे. मी गुडघ्यावर बसून काढलं. हा नाला, ही विहीर, हे मचाण, इकडून डुकरं येतात. मिस्त्रींनी दोऱ्याचं रीळ आणलं, एक टोक मचाणावर दाबून धरायला लावलं आणि डुकराच्या वाटेवरून दोरा सोडत निघाले. "ही एकनळीची मजल," हातभर अंतरावर थांबून म्हणाले. "आता रायफलीची." दोरा बाकाखालून गेला, उंबऱ्यावरून गेला, तीन पायऱ्या उतरला, गल्ली ओलांडून पानठेल्यापाशी जाऊन पोचला. पानवाल्याला सवय होती. त्यानं पान लावता लावता पाय उचलून घेतला.

तिथून ओरडूनच त्यांनी विचारलं, "पावणेचौदा, याच्या आड काय आहे?"

"काही नाही," मी ओरडलो. "मोकळं रान हाये."

ते दोरा गुंडाळत परत आले. "गुरुवारी दुकान बंद असतं. मी वावर पाहायला येतो."

"विकत घ्याले वावर दाखवाव लागते का?"

"रायफलीला लागतं."

आणि आले. पहिली एसटी धरून अकोट, अकोटहून हिवरखेड. डोक्यावर पांढरी टोपी, हातात छत्री, पिशवीत खडू आणि दोरा. वय तेव्हा चौऱ्याहत्तर. मी मचाणाची शिडी धरली, ते सरसर वर गेले. दोन्ही मुठींची नळी करून डोळ्याला लावली आणि चारी दिशा फिरून पाहिलं. उत्तरेला थांबले. डुकरं त्याच बाजूनं, नाल्यानं उतरून येत.

"ते लाल लुगडं कोणाचं वाळतं आहे?"

मी शिडीची गाठ आवळू लागलो.

"पावणेचौदा, टिनाचं घर आहे तिथं. अंगण आहे. लुगडं आहे. तुमच्या नकाशात यातलं काहीच नव्हतं."

"ते आमच्यात नाही," मी म्हटलं.

आता हे सांगावंच लागेल. ते घर माझ्या धाकट्या भावाचं. दोन वावरांमधल्या बांधावर, धुऱ्यावर, एक बाभळीचं झाड होतं. मी म्हणत होतो माझ्या हिश्शाचं, तो म्हणत होता त्याचं. त्यानं ते तोडून वखराला दांडी केली. तेव्हापासून अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याच्याकडं का त्याच्या घराकडं पाहतही नव्हतो. लग्नकार्यात तो मंडपाच्या या बाजूला आला की मी त्या बाजूला. आणि खरं सांगतो, फरशीवर वावर काढताना मी ते घर लपवलं नाही. मला ते काढायचं सुचलंच नाही. इतकी सवय झाली होती.

मिस्त्री मचाणावरून खाली उतरले, टोपी झटकली. "तुमच्यात नाही, हे गोळीला कसं कळणार?"

एवढं बोलून ते धुरा ओलांडून सरळ त्याच्या घराकडं चालू लागले. मला वाटलं पाणी मागून परत येतील. मी धुऱ्यावर बाभळीच्या खुंटावर बसून राहिलो. पाऊण तास झाला. ऊन चढलं. तिकडून हसण्याचा आवाज येत होता. कांदा न खाणारा माणूस माझ्या घरी पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं प्यायला होता, आणि तिथं बसून चहा पीत होता. धाकट्याचा कोपर वाकवलेला मला लांबूनही दिसला. टेप लावून राहिले होते.

परत आले तेव्हा मी ताडकन उठलो. "त्याचा हात काहून मोजला? त्याच्यापाशी परवाना हाये का?"

"सवय," मिस्त्री म्हणाले. "चला, मला बस आहे. आणि ऐका, तुम्हाला मी रायफल विकत नाही. एकनळीही विकत नाही. आधी दुकानात येऊन वावर नीट काढा."

"तुमच्यावाचून बंदूक भेटत नाही का मले?"

"भेटते की. अमरावतीला चांगलं मोठं दुकान आहे."

हे त्यांनी टोचायला सांगितलं का खरंच सांगितलं, मला आजही कळलेलं नाही. पण मी हट्टानं अमरावतीला गेलो. मुदतीचे तीन दिवस उरले होते. दुकान काचेचं, आत गार हवा, खुर्चीवर बसवून थंड पाणी दिलं. पोरसवदा मालक म्हणाला, "काका, तुमच्या बजेटात एक सेकंडहॅन्ड रायफल आहे. आजच न्या." हात मोजला नाही. डुकरं कुठून येतात विचारलं नाही. रायफल मात्र अशी चमकत होती की न्हाव्याच्या दुकानातली दहाही तोंडं मला समोर दिसायला लागली.

मी नळी उजेडाकडं धरली. वळी नीट गोल नव्हती. कानाशी हलवली तर खुळखुळ. डोळे मिटून खांद्याला लावली, उघडून पाहतो तर मणी दाराबाहेर थांबलेल्या एका बाईच्या पिशवीवर. रिकामी होती, तरी मी घाईनं खाली केली.

"मालक, एक इचारू? माह्या वावराच्या मांगं काय हाये, ते तुमाले माहीत कराव नाही वाटत?"

तो हसला. "काका, वावर तुमचं. मला काय करायचं आहे?"

तिथंच माझं रायफलीचं वेड गेलं. परतीच्या बसमध्ये मी मिस्त्रींना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. चांगली वस्तू ओळखायला शिकवून ठेवलं होतं, आता मला वाईट घेता येईना.

या माणसाच्या अशा किती गोष्टी सांगू. एकदा एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता आला, पुतण्याच्या वरातीत मिरवायला बंदूक पाहिजे म्हणून. मिस्त्रींनी त्याचा हात मोजला, वही चाळली आणि म्हणाले, "तुमच्या मापाचं काही नाही. फटाक्याचं दुकान पुढच्या गल्लीत." दुपारी बारा ते दोन दुकान बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक दाराशी असलं तर जाळीतून त्याच्याशी गप्पा मारतील, पण कुलूप काढणार नाहीत. बंदूक विकली की आठ दिवस चुकचुकत, मुलगी सासरी दिल्यासारखे. गिऱ्हाईक भेटलं की बंदुकीची चौकशी आधी, माणसाची नंतर. आता दुकान बंद झालं. ते नागपूरला मुलीकडं असतात. मुलगी फोनवर सांगत होती, सोसायटीच्या दोन्ही वॉचमनचे हात मोजून झाले म्हणे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी अकोल्याला पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. बाराला कुलूप लागणार होतं आणि दोनला उघडलं तर चारची अकोट बस धरून ठाण्यात बंदूक दाखवायला उशीर झाला असता. मिस्त्रींनी मला पाहिलं आणि खडू पुढं केला. फरशी पुसून ठेवलेली होती.

नाला काढला. विहीर काढली. मचाण काढलं. मग खडू हातात तसाच राहिला. सांगायला लाज कशाची, एक चौकोन काढायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी अर्धा एकर वखरला असता. घड्याळ टिकटिक करत होतं. मिस्त्री रुमालानं एक नळी पुसत बसले होते, जशी काही दोघांनाही घाई नव्हती. शेवटी काढला चौकोन. वाकडा आला.

"दार कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?"

"चौकोनाचं. दारातून माणसं बाहेर येतात. ते कळायला नको?"

अकरा वर्षं मी त्या घराकडं पाहत नव्हतो असं सांगितलं ना? ते खोटं होतं. घर बांधून होत होतं तेव्हाही मी पाहत होतो, आणि दार कुठं आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. मी चौकोनाच्या दक्षिणेला खडूनं खूण केली.

"म्हणजे कोणीकडं?"

"माह्या वावराकडे."

"रस्ता तर पूर्वेला आहे. पूर्वेला दार करायला जागा नव्हती?"

"होती."

मिस्त्री उठले. सदऱ्यात हात घालून जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि ती ओरखड्यांची एकनळी माझ्या हातात दिली. मी डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. मणी जागेवर.

"हिचं तोंड उत्तरेला करायचं नाही," ते म्हणाले. "मचाण सोडा. नाल्याच्या काठाला जमिनीवर बसा, म्हणजे बार चुकला तरी पलीकडच्या काठाच्या मातीत जाईल."

मग किंमत सांगितली. म्हशीतली अर्धी म्हैस शिल्लक राहिली. "उरलं त्यात तार घ्या. नाल्याच्या बाजूनं लावा. धुऱ्याला नको." कागद करताना त्यांनी ती लांबोडी वही उघडली. माझ्या आकड्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. मी चवथी शिकलेला आहे, एवढं वाचता येतं. हिवरखेड, पावणेचौदा. आणि खाली पुन्हा, हिवरखेड, पावणेचौदा.

"चुकून दोनदा लिवलं तुमी," मी म्हटलं.

"मी मापात चुकत नाही," मिस्त्री म्हणाले. "आणि एक अट. पहिला बार व्हायच्या आधी, आवाज ज्या ज्या घराला जाईल त्या घराला सांगायचं. मालकानं स्वतः जाऊन. निरोप चालत नाही." बाराला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी मला पायरीवर काढलं आणि कुलूप लावलं.

कव्हरात गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, फवाऱ्याचा पाइप का?" मी हो म्हटलं. ठाण्यात नोंद झाली. घरी आलो तर घरचीनं कव्हर उघडून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर साधीच हाये." मी म्हटलं, "चांगली हाये." न्हाव्याच्या दुकानात पुढं सहा महिने हसले. हसू दिलं. त्या बंदुकीनं आजवर डुकरं दोनच पडली, दोन्ही वनखात्याचा कागद हातात असताना. बाकीची आवाज ऐकून आणि तार पाहून नाल्यापलीकडं राहायला शिकली. हरभरा घरी येतो.

पण बंदूक आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अजून एकही बार झाला नव्हता. मी उठलो, तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला आणि बंदूक घरीच ठेवून धुरा ओलांडला. धाकटा अंगणात दात घासत होता. मला पाहून त्याचा ब्रश तोंडातच राहिला.

"बंदूक आणली," मी दारापाशी उभं राहून म्हटलं. "नाल्याच्या काठून बार होईन. इकडे होणार नाही. सांगाले आलो."

त्यानं चूळ भरली. "मले माहीत हाये दादा. मिस्त्री सांगून गेले होते, तुमी येसान म्हणून."

"कवा सांगतलं?"

"आले होते त्याच दिवशी. बसा."

बसलो. त्याच्या बायकोनं चहा आणला. लाल लुगडं दोरीवरच होतं. मी चहा पूर्ण प्यालो, कप खाली ठेवला आणि म्हटलं, "साखर जास्त झाली."

"पुढच्या बारीले कमी टाकतो," धाकटा म्हणाला.